टाकोच्या गाडीवरचा आग्रह

आई, संगमनेरच्या एसटी स्टँडवर तू माझा हात सोडत नव्हतीस. आदल्याच वर्षी जपानात एवढा मोठा भूकंप झालेला. "लोक तिथून जीव घेऊन पळतायत आणि तुम्ही निघालात!" असं तू ह्यांना सुनावलंस. हे जपानातल्या फुनाबोरी भागात एका भारतीय हॉटेलात आचारी, न जाऊन कसं चालणार? आप्पा एवढंच म्हणाले, "दारात आलेल्याला पोटभर वाढ. परकेपणा आपोआप जातो." नववीत नापास होऊन शाळा सोडलेल्या पोरीकडे तेवढंच सामान होतं.

इथे राहणाऱ्या पुण्याच्या बायका प्रोजेक्ट, डेडलाइन असं बोलायच्या. मी नुसती मान डोलवायची. कचरा बाहेर ठेवायचा ठरलेला वार चुकेल या धास्तीने पहाटेच जाग यायची. मग स्टेशनमागे, तांदूळवाल्याच्या मोकळ्या जागेत उभ्या असणाऱ्या लुपेताईंच्या गाडीवर मला बाइतो मिळाला, म्हणजे अर्धवेळ काम. लुपेताई मेक्सिकोच्या. मक्याच्या छोट्या पोळीत भाजलेलं मांस नाहीतर राजमा, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, की झाला टाको. कोथिंबिरीच्या वासावरच मी रुजू झाले म्हणा ना!

या गाडीवर सगळ्या आळीचा जीव. भूकंपाच्या दिवशी ट्रेन बंद पडल्या, माणसं पायी घरी निघाली, तेव्हा लुपेताईंनी गॅस पेटवून येईल त्याला गरम सूप फुकट पाजलं होतं. हे मला गिऱ्हाइकांनी सांगितलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

मी मग मला येत होतं ते केलं. प्रत्येकाच्या ताटलीत एक जादा टाको. "घ्या हो, एवढा एकच!" लुपेताईंच्या देशातही तीच रीत, त्या हसायच्या. नको कुणीच म्हणेना. उलट पुढच्या खेपेला कुणी पर्सिमॉनची फळं आणायचं, कुणी तांदळाची बिस्किटं, कुणी सुबक कागदात बांधलेला हातरुमाल. तुला फोटो पाठवत होते ते हेच.

आणि हळूहळू रांग आटली. लुपेताई म्हणाल्या, "असंच चाललं तर गाडी दुसऱ्या भागात न्यावी लागेल." मला धडकीच भरली. माझ्याच पायगुणाने झालं की काय? एका दुपारी मोरीआजी, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथूनच माघारी वळल्या. मी ॲप्रनसकट त्यांच्यामागे धावले. काय चुकलं ते विचारलं.

मग म्हणाल्या, "तू जादा देतेस, म्हणजे मला परतभेट आणणं आलं. दोन टाको खायचे तर आधी दुकानात जा, वस्तू निवड, ती बांधून घे. माझे गुडघे दुखतात गं." पुढे म्हणाल्या, "त्या दिवशीच्या सूपची परतफेड आम्ही अजून करतोय, टाको खाऊन. त्यात तू रोज नवी भर घालतेस!" आणि स्वतःच खुदकन हसल्या. मला हसूही आलं, रडूही.

आग्रह बंद केला. सोपं नव्हतं गं. हात आपोआप तव्याकडे जायचा, की लुपेताई उलथण्याने हळूच फटका मारायच्या. पण माणसं परतली. आता रांग तांदूळवाल्याच्या दारापर्यंत जाते, गाडीही तिथेच आहे, आणि दुपारची खिडकी एकटी मी सांभाळते. नववी नापास, तीही जपानी बोलून!

फोनवर तू विचारलंस, भेटी यायच्या बंद झाल्या का? झाल्या. परवा मोरीआजी आल्या त्या हात हलवत. पिशवी नाही, पुडा नाही. दुसऱ्याच्या दारी असं जाववतं का आपल्याला? माहेरीच जातो आपण तसं. खिडकीत कोपर टेकवून त्यांनी टाको खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "चटणी पाणचट झालीये. कुणी केली?"

"मी."

"उद्या नीट कर."

घरी जाऊन ह्यांना मी हे इतक्यांदा सांगितलं, की शेवटी हे म्हणाले, "अगं, शिव्या खाऊन आलीस की बक्षीस घेऊन?"