पिंपळाखालचा फोटो

बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. फक्त ही एक गोष्ट सहा वर्षं बोललो नाही — घाबरत होतो म्हणून. बायकोलापण नाही सांगितली. तुम्हाला सांगतो.

परळला जन्म-मृत्यूचे दाखले देतात त्या सरकारी ऑफिसात मी शिपाई. शिक्षण चौथी, तेपण दोनदा. खिडकीमागच्या भिंतीवर गणपतीचा मोठा फोटो होता. दर मंगळवारी अकराला आरती, तेवढा वेळ खिडकी बंद. आरतीत सगळ्यात मोठा आवाज माझा — आणि सगळ्यात बेसूरपण माझाच.

एका मंगळवारी एक म्हातारे चाचा आले, बायको गेलेली, तिचा दाखला न्यायला. मी आपली मस्करी केली — चाचा, टाळ्या वाजवा, दाखला लवकर मिळेल. त्यांना कुठे कळणार मस्करी आहे ते? पिशवी खाली ठेवली आणि आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभे राहिले बिचारे. लोक हसले. मी जरा जास्तच.

ऑफिसच्या नव्या साहेब, म्हणजे मॅडम, दारातून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

आता या मॅडम कोण? मंगळवारचा कडक उपास, अनवाणी देवळात जाऊन मग कामावर येणारी बाई. त्यांनी आधी स्वतःच्या टेबलावरचे दत्तगुरू पर्समध्ये ठेवले. मग भिंतीवरचा फोटो उतरवायचा हुकूम काढला. म्हणाल्या, "देव माझा आहे, भिंत सरकारची आहे." गणपतीचा फोटो स्वतः पुसला, नव्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिला. "तुझ्या घरी लाव. नीट ने." एवढी हिंमत मी कुठल्या साहेबात बघितली नाही.

आणि मी? करी रोडला आमच्या चाळीच्या जिन्यात पाय घसरला, काच फुटली. फुटक्या काचेचा देव घरात कोण ठेवतो? सगळे ठेवतात तसा मीपण नाक्यावरच्या पिंपळाखाली ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी आमचे क्लार्क परबभाऊ तिथून येत होते. त्यांनी ओळखला. ऑफिसात सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय रे, गणपती रस्त्यावर कुणी टाकला?"

साधं उत्तर होतं — माझ्या हातून पडला. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. पण तोंडातून काय निघालं?

"मॅडम म्हणाल्या, फेकून दे."

बस. नाक्यावरची पोरं ऑफिसवर घोषणा देत आली, तक्रार वर गेली. मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावलं. त्यांची फाईल घेऊन मागे मीच — दारात उभा. आता माझं नाव घेतील, आता घेतील... त्या एवढंच म्हणाल्या, "फोटो भिंतीवरून उतरवायचा हुकूम माझा होता." महिन्यात बदली झाली, लांब. हुकूम मात्र नियमात बसत होता, तो कुणाला फिरवता आला नाही. भिंतीवर आता नुसता खिळा आहे. मंगळवारी अकराला खिडकी उघडी असते.

गेल्या आठवड्यात दादरच्या फुलबाजारात मॅडम दिसल्या. रिटायर झाल्यात. दूर्वा घेत होत्या. मी तिथेच सगळं ओकलो — काच, पिंपळ, खोटं. वर म्हटलं, मॅडम, तुम्ही मला वाचवलंत.

त्यांनी दूर्वांची जुडी झटकली.

"तुला कोण वाचवत होतं? तुझं नाव घेतलं असतं, तर सगळे फोटो कुणी टाकला यावरच बोलत बसले असते, भिंतीचं राहिलं असतं. आणि काच बरी लक्षात राहिली तुझ्या. त्या चाचांना टाळ्या वाजवायला लावलंस, ते विसरलास. सरक आता, मागे माणसं खोळंबलीत."