कपाशीखालचा कोळसा

बोंडावर आलेली कपाशी उपटून मी शेतात कोळशाची खाण खोदली. बडनेऱ्याच्या स्टेशनात इंजिनाचा धूर नाकात शिरला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता, आणि एक पाहुणा आमच्या पुरणपोळ्या चापत म्हणाला, "आगगाडीले कोळसा लागते. तुमची माती इतकी काळी, तं खाली कोळसाच असंल!" मला पटलं. काळा दगड लागलाही. चुलीत घातला, तर पेटायचं नाव नाही. फाटकन फुटला आणि वरणाचं मडकं घेऊन गेला. कोळसा म्हणजे गाडलं गेलेलं रान, आणि आमचा दगड ज्वालामुखीचा थिजलेला रस, हे फार पुढे कळलं. तेव्हा मी नुसता गरजलो, "त्या लबाडानं बुडवलं मले!" बायको चुलीतले तुकडे वेचत म्हणाली, "त्याले काहून शिव्या देता? त्यानं तं नुसत्या पोळ्या खाल्ल्या. कपाशी तुमीच उपटली."