जावयाचं विमान आणि अधिक महिना

मी आयुष्यभर अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश म्हणजे माझा हातखंडा विषय. (वर्गात पोरं झोपायची, ते सोडा!)

त्यामुळे अमेरिकेतल्या लेकी-जावयाच्या प्रवासाची आखणी मीच करणार, हे ठरलेलंच होतं. त्यांच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. या महिन्यात सासूनं जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. हुकलं तर पुढचा अधिक महिना थेट तीन वर्षांनी! माझी बायको सुनंदा त्यासाठी नुसती आसुसली होती. जावयाला सुट्टी मिळाली तीही महिन्याच्या अगदी शेवटी. रविवारी अमावास्या, की संपला महिना.

मी पृथ्वीगोल काढला, सुतळी ताणून अंतर मोजलं आणि जाहीर केलं, "तेरा हजार किलोमीटर! मधला मुक्काम धरून एक दिवस. शनिवारी सकाळी निघतीन, रविवारी सकाळी नागपूर, दुपारी पाटावर!"

लगेच लेकीला फोन लावला. "मुग्धा, शनिवारी सकाळचंच तिकीट काढ."

"शनिवारच का, बाबा? आम्ही तर..."

"भूगोल कोनी शिकवला तुले? सांगतो तसं कर!"

बिचारीनं केलं.

रविवारी सुनंदाचा भाऊ प्रकाश अकोल्याहून सहकुटुंब आला. धोंडे वाफवून तयार, अनारसे तळलेले, पाटाभोवती रांगोळी. दुपार टळली तरी जावयाचा पत्ता नाही! प्रकाशचा धीर सुटला.

"भाऊजी, विमान मूर्तिजापूरले थांबलं काय?"

मी फोन लावला. मुग्धा खुशीत होती. "बाबा, आत्ताच दोह्याला उतरलो. उद्या सकाळी घरी!"

"उद्या? अवो, शनिवारी निघाले ना तुमी?"

"हो, पण तिकडच्या शनिवारी!"

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे दिवस आधी उगवतो आणि तिकडे मागाहून, हे मी पोरांकडून घोकून घेतलं होतं! (परीक्षेतही विचारायचो. चुकलं की छडी!)

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्या जावयाचा पयला धोंडा हुकवला तुमी! काय शिकवलं लेकरायले इतके वर्सं?"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रकाशनं मात्र जावयाचं ताट पुढे ओढलं. "वाया कावून घालवाचं?"

सोमवारी सकाळी जावई निखिल दारात उभा राहिला. सुनंदानं त्याच्या पायावर पाणी घातलं आणि विचारलं, "जावईबापू, तुमच्या घरी आता कोनता वार हाय?"

त्यानं हातातलं घड्याळ पाहिलं. ते अजून अमेरिकेतच होतं. "रविवार, आई. संध्याकाळ."

"म्हंजे अमावस्या हाय अजून! बसा पाटावर."

"अवो, पन आपल्या इथं तर..." मी तोंड उघडलं.

"तुमी चूप बसा! जावई तिकडचा, त्याचा महिनाबी तिकडचाच!"

पुन्हा पुरण शिजलं, पुन्हा कढई चढली. वाण देताना सुनंदा अशी हसली, की माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं आटोपल्यावर मुग्धानं विचारलं, "बाबा, परतीचं तिकीट कोणत्या वारचं काढू?"

"आईले विचार!" सगळं घर एका सुरात ओरडलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.