लेकच आली न्यायला

मालक गेले तवा माही मोठी लेक आठ वर्साची, तिच्यामागं दोन लहाने. दिवसभर लोकाच्या वावरात कापूस वेचायचा, घरी आलं की पाणी, चूल, भांडे. भांडे घासता घासता मी म्हणायची, "येऊ द्या मला न्यायला कोणी. हात बी न धुता चालले मी. बसा मंग तुमी भाकरी थापीत!"

लेकरं हसायची. दिवाळीला गावातल्या बायाला न्यायला माहेराहून मुऱ्हाळी यायचा, भाऊ न्हाईतर बाप. तो आल्याबिगर बाईनं जायाचं न्हाई, अशी रीत. माहे माय-बाप कवाच गेलेले, भाऊ न्हाई.

त्या वर्सी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पीठ मळून राहिले होते. दारात कोणी खाकरलं. पाहते तं लेक! बापाचा रुमाल डोक्याला गुंडाळलेला, हातात काठी.

"रामराम. बाईला न्यायला आलो."

"कोण्या गावचे पाव्हणे?"

"काहून, भावाला वळखलं न्हाई? उरक, गाडी उभी हाये."

"आन् घरचं कोण पाहीन?"

"रोज म्हणते ना जाते, जाते. आता आलो तं बसली!"

हसू आलं, पण तो रुमाल मालकाचा होता. काढ म्हणणार होते. पण पोरगी हसत नव्हती. खरंच न्यायला आल्यावानी उभी होती. मी पीठ झाकलं, धडकं लुगडं नेसले आन् तिच्यामागं निघाले.

वढ्याकाठी बाभळीखाली तिनं गोणपाट हातरलं होतं. शेजारणीच्या चुलीवर केलेल्या दोन भाकरी, जाडजूड, मधी कच्च्या. वर मिरचीचा ठेचा. "माहेरी काम करायचं नस्ते," म्हणली. म्या खाल्लं आन् तिथंच झोपले. मालक गेल्यापासून दिवसा डोळा लागला न्हवता. उठले तं दोघा लहान्याला ती चिडीचूप बसवून राहिलती.

आता ती वसमतला नांदते. तरी दर दिवाळीला एस्टीनं येते, मला घेऊन जाते. आठ रोज काडी उचलू देत न्हाई. तकलीफ लई पाहिली म्या, पण त्या दिवाळीपासून न्यायला माणूस न्हाई, असं एकबी वरीस गेलं न्हाई. देवानं एवढं दिलं, बस झालं.

यंदा तिच्या घरी बसले होते. मोरीत भांड्याचा ढीग. ती कंबरेवर हात ठिवून म्हणली, "माय, मलाच कुठं तरी पळून जावं वाटून राहिलं."

"पिशवी भर," म्हणलं म्या. "न्यायलाच आले समज. भांड्याचं जावई पाहतीन."