थोरल्याच्या कार्डावरची दोन वर्षं

गोड आवाजात बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. इतिहास आणि अर्थशास्त्रातल्या अजब गोष्टी सांगणारा तो पॉडकास्ट मी ऐकायचो, तो त्याची चूक पकडायलाच. मिठावरचा कर असो नाहीतर कापसाचा सट्टा, भागाच्या शेवटी सगळं कसं चपखल बसायचं. खऱ्या गोष्टी इतक्या चपखल बसतात कुठे? आणि हे ऐकवण्याचे पैसे याला कोण देतं, हा किडाही डोक्यात वळवळायचाच.

बाबांना मात्र तो आवडायचा. गिरणीच्या साचे खात्यात मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेले. त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत ते गॅलरीत खुर्ची टाकून पूर्ण आवाजात ऐकत बसायचे आणि शेजाऱ्यांनाही फुकटात इतिहास कळायचा.

एका भागात स्वारी गिरण्यांकडे वळली. म्हणाला, तिथली हजेरी इतकी कडक, की एकाच्या जागी दुसऱ्याने उभं राहणं अशक्य. बाबा हसले आणि त्यांनी मला सांगितलं. थोरले काका आजारपणात गावी गेले, तेव्हा नोकरी हातची जाऊ नये म्हणून बाबा त्यांचं कार्ड घेऊन मागावर उभे राहिले. मुकादमाला ठाऊक होतं, खात्यालाही. दोन वर्षं सगळे त्यांना काकांच्या नावाने हाक मारत. काका गावीच वारले, मग बाबांचं स्वतःचं कार्ड झालं.

मी हे फोनवर रेकॉर्ड करत होतो. बाबांना सांगितलं नाही. पकडला लेकाला, एवढंच डोक्यात होतं. खोचक दोन ओळी लिहून मी ते रेकॉर्डिंग त्या पॉडकास्टवाल्याला पाठवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा माणूस खोटाच, असं ठरवून मी मोकळा झालो.

एका रविवारी सकाळी नव्या भागात त्याने सरळ चूक कबूल केली आणि बाबांचा आवाज लावला. गॅलरीभर तो घुमला. शेजारी दारात आले, कोणीतरी हसून टाळीही दिली. बाबांचा चेहरा पडला.

गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनी अर्ज केला आहे. सोडतीत नंबर अजून लागलेला नाही. ती दोन वर्षं अर्जात नाहीतच. पण हा दुसऱ्याच्या नावावर उभा राहायचा, हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर त्याची बाकीची वर्षं तरी कोण खरी मानणार, या भीतीने ते जेवले नाहीत. मी समजावलं, त्यात तुमचं नाव कुठेच नाही. मग त्या माणसाला विनवून तो भाग काढून टाकायला लावला. त्याने तासाभरात काढला, वर माफीही मागितली. मला माझीच लाज वाटली.

बाबा एवढंच म्हणाले, "मी तुका सांगलंय. तेंका नाय."

त्यालाही आता महिने झाले. परवा मी सहज विचारलं, काकांच्या त्या कार्डाचं पुढे काय झालं? बाबांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. मी उठलो, फोन बाहेर गॅलरीत ठेवला आणि परत त्यांच्यासमोर येऊन बसलो.

त्यांनी माझ्या दुसऱ्या खिशाकडे पाहिलं.