दाराआडच्या करंदीकर मॅडम

आमच्या बिबवेवाडीच्या ऑफिसचं दार वाजलं की करंदीकर मॅडम आतूनच विचारायच्या, "आपण कोण?" रोजच्या चहावाल्याचीही सुटका नव्हती.

"चहा, मॅडम."

"चहा बोलत नाही. नाव सांगा."

तो मुकाट्याने नाव सांगायचा, मग कडी निघायची. आम्ही हसायचो, आणि त्या शांतपणे कॉम्प्युटरकडे वळायच्या.

पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर पोचवायचे, हे आमचं काम. लॅबचा कॉम्प्युटर आमच्याशी जोडला जाताना आधी त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्रच, तपासलं जाई आणि जरा खोट निघाली तर मॅडमनी लिहिलेला प्रोग्राम तिथल्या तिथे जोडणी तोडे. एकदा एका लॅबच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. साहेब म्हणाले, "आजच्या दिवस तपासणी बंद ठेवू या." मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "ठेवा की. घराचं दारही काढून ठेवा, वारा छान येईल." साहेबांनी तपासणी चालूच ठेवली. प्रोग्राम सगळा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत, तोही पायथनसोबत येतं तेवढ्यावरच, बाहेरचं काही न जोडता लिहिलेला. "घरचं आहे त्यात भागतंय, बाहेरचं लोणचं कशाला?" असं त्या म्हणत.

माझ्या आईच्या किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट याच वाटेने आला, नॉर्मल. मी तिला म्हणालो, "आमच्या मॅडमच्या हातून आलाय, निर्धास्त राहा."

मग विश्रांतवाडीहून एका डॉक्टरांचा फोन आला. पेशंटच्या हातातला कागद एक सांगत होता आणि मोबाइल दुसरंच. डॉक्टरांनी कागदावर विश्वास ठेवला म्हणून पेशंट बचावला. मॅडमनी संध्याकाळपर्यंत कारण शोधलं. तिथल्या लॅबचं यंत्र फेरतपासणी झाली की नवा आणि जुना, असे दोन्ही आकडे तपासणीच्या एकाच नावाखाली पाठवत होतं, नवा आधी आणि जुना नंतर. पायथन अशा वेळी शेवटचा आकडा ठेवतो आणि पहिला टाकून देतो, कुरकुरही करत नाही. ही गोष्ट पकडायला चार ओळी पुरतात. त्या मॅडमनी लिहिल्याच नव्हत्या.

"माणूस ओळखीचा निघाला," त्या म्हणाल्या, "म्हणून मी पिशवी उघडून बघितलीच नाही."

त्यांचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली.

चार ओळी त्याच दिवशी लिहून झाल्या. पण आधी गेलेल्या रिपोर्टांचं काय? लॅबकडून आलेला मूळ मजकूर आम्ही साठवत नव्हतो, त्यामुळे टाकून दिलेले आकडे आमच्याकडे कुठेच नव्हते. ते लॅबमध्येच सापडले असते. साहेबांनी लॅबना कळवायला साफ नकार दिला. "तक्रार एकच आलीये ना?"

"ज्याला चुकीचा रिपोर्ट मिळाला, तो स्वतःला बरा समजून घरी बसलाय," मॅडम म्हणाल्या. "तक्रार कोण करणार?"

आठवड्याभरात त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःच स्कूटरवरून लॅबा पालथ्या घालू लागल्या. काउंटरवरच्या मुली त्यांनाच विचारत, "आपण कोण?" आता गळ्यात कंपनीचं कार्ड नव्हतं. बऱ्याच ठिकाणी त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. मला फोनवर म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. विचारायलाच हवं."

मी मनाची समजूत घातली होती की घोळ विश्रांतवाडीच्या त्या एका लॅबचाच होता. परवा दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. आधी माझ्याकडून माझं पूर्ण नाव वदवून घेतलं, नेहमीसारखंच.

"अहो, सदाशिव पेठेतल्या लॅबमध्येही तेच यंत्र निघालंय. तुमच्या आई तिथेच जातात ना?"

आई समोर मटार सोलत बसली होती. हल्ली तिचे पाय सुजतात, म्हणून ते पाटावर ठेवले होते.

"कोणाचा रे फोन?" तिने विचारलं.