पट्टा धरून

भाच्यानं नवी गाडी घेतली आणि मला सावनेरच्या रस्त्यानं फिरवायला नेलं. रस्त्यावरचे पट्टे गाडीला आपोआप दिसतात म्हणे. चाक पट्ट्यावर गेलं की ती कुईकुई करते आणि स्टिअरिंग स्वतःच सरळ करून घेते. एवढं सांगून शहाण्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी अशी खेकसले की त्यानं मुकाट्यानं स्टिअरिंग धरलं. मावशी घाबरट आहे असं वाटलं असेल त्याला. वाटू दे बापड्याला. याच रस्त्यावर माझ्या बाबांचा ट्रक चालायचा, हे त्याला कुठं ठाऊक?

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. बाबा एका शेटजींचा ट्रक चालवायचे. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या घरून दिवस कलताना निघायचं, सावनेरकडून कोळसा भरायचा आणि सकाळी नागपुरात आणून टाकायचा. आधी त्या रस्त्यावर पट्टा नव्हताच. समोरून कोण येतंय ते बघायचं, त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि गाडी काढायची. मग मधोमध पांढरा पट्टा आला आणि बाबा त्यावर जाम खूश झाले. पट्टा धरून चाललं की कोणाच्या बापाची भीती नाही, असं जेवताना सांगत. घरात तर तो शब्द आम्हाला वळण लावायला होता. मी आईला उलटून बोलले की बाबांचं ठरलेलं, "पट्ट्यात राह्य वं."

पुढे रस्ता रुंद झाला, तोही एकाच बाजूनं, सावनेरला जाताना डाव्या हाताला. साहजिकच रस्त्याचा मध्य सरकला. नवा पट्टा मारला, जुन्यावर डांबर फासलं, झालं काम!

त्याच थंडीत एका संध्याकाळी बाबा रिकामा ट्रक घेऊन सावनेरला निघाले होते. सूर्य अगदी समोर. पलीकडून कापूस भरलेली बैलबंडी येत होती आणि तिच्या बाजूनं सायकलवर एक माणूस. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटून घरी चालला होता बिचारा. ट्रकच्या धडकेत जागीच गेला.

पोलीस म्हणाले, ट्रक उलट्या बाजूला होता. बाबा एकच सांगत राहिले, मी पट्ट्याच्या आतच होतो. मोहल्ल्यात त्यांचं नाव आंधळा डायवर पडलं. नळावर एक बाई तसं म्हणाली तेव्हा मी तिची पाण्यानं भरलेली गुंडी उपडी केली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

बाबा जामिनावर सुटले. काही पुरावा आणा, नाहीतर आत जाल, असं वकिलानं बजावलं. मग मीच हट्ट धरला की त्याच वेळेला तिथं जाऊन बघू. आई, बाबा आणि मी बसनं गेलो. सूर्य खाली उतरला आणि मला ते दिसलं. नवा पट्टा धूळ आणि उन्हात पार हरवून गेला होता. जुना पट्टा मात्र, वर फासलेल्या गुळगुळीत डांबरावर तिरपं ऊन पडून, लख्ख चमकत होता, अगदी पांढराशुभ्र. कोणालाही तोच खरा वाटला असता, आणि तो धरून चालणारा उलट्या बाजूलाच गेला असता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून आनंदानं रडले. माझे बाबा आंधळे नव्हते, फसवलं होतं ते रस्त्यानं. आता सुटलेच म्हणायचे.

आई रडली नाही. सायकल जिथं पडली होती तिकडे ती बघत होती.

"तुमाले पट्टा दिसला," ती बाबांना म्हणाली, "मंग माणूस काहून नाही दिसला?"

बाबा त्या जागेजवळ जाऊन उभे राहिले.

चमकणाऱ्या पट्ट्याचं ऐकून वकील मात्र खूश झाला. फोटोग्राफर नेऊन त्यानं चमकणाऱ्या डांबराचे फोटो काढवले, बाबांना काय बोलायचं ते पढवलं. कोर्टात उभे राहिल्यावर बाबांनी त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

"मी पट्ट्याकडेच पाहून राहिलो होतो, साहेब," ते म्हणाले. "माणसाकडे पाहिलंच नाही."

वकिलानं कपाळावर हात मारला. शिक्षा झाली. पोलीस न्यायला आले तेव्हा बाबांनी वळून माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. आईनं होकारार्थी मान हलवली, आणि ते गेले.